देवाने माफ केलं, मग ताई का करत नाही?

पत्राचा सारांश : पुण्यात वडगाव शेरीला राहणारे, साठीला टेकलेले एक कॅथलिक गृहस्थ लिहितात. वडील 2012 मध्ये मृत्युपत्र न करता गेले. दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांच्या नावावर होता. पुढच्या वर्षी आई आणि अहिल्यानगरला दिलेली थोरली बहीण, दोघींनी यांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. 2019 मध्ये आई गेली. महिन्याच्या प्रार्थनेनंतर बहिणीने "घराचं काय ठरवलंस?" असं विचारलं, तेव्हा यांनी तो कागद तिच्यापुढे ठेवला. त्या दिवसापासून ती पुण्याला आलेली नाही, फोनही उचलत नाही. यंदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात यांनी कन्फेशन केलं, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली दिली, "घराच्या वाटणीवरून बहिणीशी मतभेद झाले" असं सांगितलं, फादरांनी पापमुक्ती दिली. आता ईस्टरच्या दिवशी केक आणि साडी घेऊन न कळवता बहिणीच्या दारी जायचं आणि सगळ्यांसमोर तिचे पाय धरायचे, असा बेत आहे. पत्नी म्हणते, जुनं उकरून काढू नका. त्यांचे प्रश्न : "देवाने मला माफ केलं, मग तिने का करू नये? तीही ख्रिस्तीच आहे, 'साताच्या सत्तर वेळा' तिलाही लागू आहे. आणि तिने माफ केलंच नाही, तर देवाची क्षमा अपुरी राहते का?"

प्रिय बंधू,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देणं बरं, कारण त्याची धास्ती तुमच्या पत्रात पहिल्या ओळीपासून दिसते. नाही, ताईने माफ केलं नाही म्हणून देवाची क्षमा अपुरी राहत नाही. ती ताईच्या हातात ठेवलेली नाही, आणि तिच्यावर तेवढं ओझं टाकणं न्यायाचंही नाही. क्रूसावर येशूच्या शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराला, ज्यांचं त्याने वाईट केलं होतं त्यांच्या दारी जाण्याइतका वेळच उरला नव्हता. तरी 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे शब्द त्याला ऐकायला मिळाले. तुमच्यापाशी मात्र वेळ आहे, हातपाय मोकळे आहेत आणि अहिल्यानगर काही लांब नाही.

आता पत्रातल्या एका कंसाकडे वळू. आईचं आजारपण, फ्लॅटची दुरुस्ती, सोसायटीचा मेन्टेनन्स, ताईच्या लग्नाला झालेला खर्च हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. तिसऱ्या पानावर मात्र कंसात एक वाक्य आहे : "सही घेताना सोसायटीत नाव लावायला कागद लागतो एवढंच सांगितलं होतं." अख्ख्या पत्राचा गाभा त्या कंसात आहे. कन्फेशनमध्ये तुम्ही जे बोललात त्यात तो आलेलाच नाही, तिथे फक्त 'मतभेद' आले. मतभेद दोघांचे असतात. खोटं सांगून सही घेतली ती तुम्ही एकट्याने.

हे तुम्हाला टोचून बोलण्यासाठी नाही. चर्चची शिकवण इथे अगदी नेमकी आहे आणि ती माहीत असली की घाबरायचं कारण उरत नाही. प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे कन्फेशनमध्ये, पश्चात्ताप करणाऱ्याची तीन कामं असतात : मनापासून झालेलं दुःख आणि पुन्हा न करण्याचा निश्चय, पापाची स्पष्ट कबुली, आणि झालेलं नुकसान भरून काढणं. चौथं, पापमुक्ती, हे देवाचं काम, धर्मगुरूच्या मुखातून होणारं. एखादी गोष्ट सांगायची विसरून गेली असेल तर तिचीही क्षमा झालेली असते. आठवल्यावर पुढच्या वेळी सांगायची. गंभीर गोष्ट जाणूनबुजून गाळली असेल तर मात्र ती कबुली पुरी होत नाही. तुमचं कुठलं होतं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. शंका असेल तर ईस्टरच्या आधी पुन्हा जा. लांबलचक पार्श्वभूमी नको. 'बहिणीला खोटं सांगून हक्कसोडपत्रावर सही घेतली, तिचा वाटा माझ्याकडे आहे, तो परत करायचं मी ठरवलं आहे' एवढं पुरे. कर्जफेड पूर्ण झाल्याशिवाय पापमुक्ती मिळत नाही असं नाही. परत करण्याचा खरा निश्चय हवा. आणि फादर हे कुणालाही, तुमच्या पत्नीलासुद्धा, सांगू शकत नाहीत. कन्फेशनची गुप्तता मोडण्याची मुभा कुठल्याच कारणासाठी नाही.

कन्फेशननंतर फादर म्हणायला सांगतात त्या प्रार्थना म्हणजेच भरपाई, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. प्रार्थना संपल्या की खातं बंद. पण चोरलेलं परत करणं, कुणाचं नाव खराब केलं असेल तर ते सावरणं, हे कॅथलिक शिकवणीत पापमुक्तीनंतरही उरतंच. पापमुक्तीने पाप जातं, त्याने केलेली मोडतोड आपोआप सांधली जात नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत खाजगी कन्फेशनची सक्ती नसते. उपासनेत सगळे मिळून कबुली देतात आणि मग प्रभुभोजन घेतात. तिथला धोका वेगळा नाही. सगळ्यांनी मिळून 'आम्ही पाप केलं' म्हटलं की मी कोणाचं काय केलं हे सांगायचं राहूनच जातं.

प्रायश्चित्ताने प्रकरण मिटवायची सवय पुण्याला जुनी आहे. 1890 मध्ये पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसह शहरातल्या प्रतिष्ठितांवर गहजब झाला, ग्रामण्य (धर्मबाह्य वागल्याचा जातीतला खटला) झालं, आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. त्या चहाने कुणाचं काही हिरावलं गेलं नव्हतं, म्हणून विधी करून विषय संपवता आला. तुमच्या प्रकरणात समोर तुमची ताई आहे, एक निवृत्त नर्स, जिचा हक्काचा वाटा तुमच्या दोन खोल्यांच्या घरात अडकला आहे.

हो, हक्काचा. "आमच्यात मुलींना असं काही देत नाहीत, लग्नात तिचं झालंच होतं," असं तुम्ही लिहिलंत. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत सारखे. म्हणजे वडील गेले त्या दिवशी फ्लॅटचे तीन सारखे भाग झाले : आई, ताई, तुम्ही. आईने तिचा भाग समजून-उमजून तुम्हाला सोडला असेल तर ताईचं तुमच्याकडे एक तृतीयांश येणं आहे. पण आईलाही 'सोसायटीचा कागद' एवढंच सांगितलं असेल, तर आईचा तिसरा हिस्सा तिच्या मागे तुम्हा दोघांत निम्मा-निम्मा व्हायला हवा होता, आणि ताईचं येणं थेट अर्ध्यावर जातं. आईला काय सांगितलं होतं हे आज फक्त तुम्हाला माहीत आहे. कोर्टात हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. म्हणूनच इथे तुमचा पश्चात्ताप किती खरा आहे ते कळेल.

"कायद्याने मुदत संपली" हेही तुम्ही लिहिलंत. फसवणुकीने झालेला दस्त रद्द करून मागायला ती कळल्यापासून साधारण तीन वर्षं मिळतात, हे खरं. ताईने दावा लावला नाही, त्याचा अर्थ तिने सोडून दिलं असा मात्र होत नाही.

यरीहोचा जक्कय आठवा. जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशूने त्याच्या घरी उतरायचं ठरवलं तेव्हा जक्कयाने अजून काहीच परत केलेलं नव्हतं. आधी स्वीकार झाला. मग तो स्वतः उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. परत करून क्षमा विकत घ्यायची नाही; क्षमा मिळाली म्हणून परत करायचं. चौपटीचा नियम प्रत्येकाला लावा असं कुणी सांगत नाही. बायबलच्या जुन्या करारात फसवून घेतलेल्या वस्तूला मुद्दल आणि वर एक पंचमांश असा हिशेब आहे. आज फ्लॅटची बाजारातली किंमत समजा 60 लाख धरली, तर तृतीयांश 20 लाख, पंचमांश धरून 24. निम्मा वाटा 30 लाख. किंमत आजची धरा. 2013 ची धरली तर मधल्या वर्षांची वाढ पुन्हा तुमच्याच खिशात जाते. सरकारी रेडी रेकनरचा दर बहुधा बाजारापेक्षा कमी असतो, तोही पळवाट म्हणून वापरू नका. दुरुस्तीला आणि मेन्टेनन्सला तुम्ही घातलेले पैसे वजा मागायचे असतील, तर इतकी वर्षं त्या घरात बिनभाड्याने राहिलात तेही समोर मांडावं लागेल. दोन्ही सोडून दिलेलं बरं.

परत करायचे दोन सरळ मार्ग आहेत. नोंदणीकृत बक्षीसपत्राने फ्लॅटमध्ये ताईचा हिस्सा लावून देणं : दोन साक्षीदार, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, मग सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी. किंवा पैसे देणं, बँकेतून, कागद करून. कुठला मार्ग ते ताईने निवडायचं. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा, तारखा घाला आणि उरलेली रक्कम तुमच्या मृत्युपत्रात ताईचं देणं म्हणून लिहा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हप्ते संपायच्या आत तुमचं काही बरंवाईट झालं तर हा वाद तुमच्या मुलाच्या आणि ताईच्या मुलांच्या माथी येऊ नये.

पत्नीशी आधी बोला, आणि आकड्यांनिशी बोला. "जुनं उकरू नका" या त्यांच्या म्हणण्यामागे डोक्यावरचं छप्पर जाण्याची भीती असणार, ती रास्त आहे. तुम्ही नुसतं 'ताईला तिचं द्यायचंय' म्हणालात तर त्यांना घर विकल्याचंच चित्र दिसेल. दरमहा किती, किती वर्षं, मुलाच्या लग्नाला काय उरेल, हे वहीत मांडून दाखवा. खोटं सांगून सही घेतली हे त्यांना माहीत नसेल तर तेही आता सांगायला हवं. बाहेरून कळलं तर फसवल्या गेलेल्या माणसांत आणखी एकाची भर पडेल.

आता 'साताच्या सत्तर वेळा'. हे वाक्य कुणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते पाहा. येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं, माझ्या भावाने माझा अपराध केला तर मी त्याला किती वेळा क्षमा करू? म्हणजे ज्याला दुखावलं गेलं त्याचा हा प्रश्न, आणि येशू त्याच्याशी बोलतो आहे. ऋणकोने हे वाक्य उचलून धनकोच्या तोंडावर मारायचं नसतं. अपराध करणाऱ्यासाठी येशूचं वाक्य दुसरं आहे आणि ते तितकंच स्पष्ट आहे : वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुम्हाला लागू आहे ते हे. ताईला काय लागू आहे ते ती आणि तिचा देव पाहतील. लूकच्या शुभवर्तमानात तर क्षमा करण्याच्या आज्ञेआधी 'तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला धमकाव', म्हणजे त्याची चूक त्याला दाखव, असंही आहे. ताईने इतकी वर्षं फोन न उचलून तेच केलं आहे असं समजा.

केक-साडीचा बेत सोडून द्या, ही कळकळीची विनंती. तुमचा हेतू चांगला आहे, पण ताईच्या बाजूने बघा. सणाचा दिवस, घरात सुना-नातवंडं, पाहुणे, आणि दारात पाया पडणारा भाऊ. तिने नाही म्हटलं तर चारचौघांत ती कठोर ठरणार, हो म्हटलं तर ते 'हो' तिचं नसणार. साडी घेतली तर मिटलं असं तुम्ही धरणार; परत केली तर अपमान केला असं. गावातले पाळक, मामा, मावसभाऊ यांना मध्यस्थ म्हणून पुढे घालू नका. "आईच्या आत्म्याला शांती मिळेल" हेही नको. आईसाठी प्रार्थना तुम्ही जरूर करा, पण आईला ताईवर दबाव आणायला वापरू नका.

पुनरुत्थानानंतर येशू आणि पेत्र समोरासमोर आले तो प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. येशूला अटक झाली त्या रात्री पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून ज्याला नाकारलं तो स्वतः कोळशाच्या शेगडीवर मासे भाजतो आहे. आणि पेत्राने नाकारलं होतं तेही कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभं राहूनच. योहान ही खूण दोन्ही ठिकाणी मुद्दाम ठेवतो असं वाटतं. येशू आधी जेवू घालतो. मग 'झालं गेलं विसर' असं न म्हणता तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटतं. वाटू दिलं जातं. क्षमा आणि जखमेला हात घालणं, दोन्ही एकाच न्याहारीत होतं. आणि ती वेळ येशूने ठरवली, पेत्राने नाही. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला भेटलेल्या येशूच्या हातांवरही खिळ्यांचे वण होतेच. म्हणून ताईने उद्या माफ केलं तरी तिला दुखणारच नाही अशी अपेक्षा धरू नका.

तेव्हा पत्र लिहा. हाताने, एका पानात, पोस्टाने. व्हॉट्सॲपवर नको, ते घरच्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. त्यात 'पण' हा शब्द आला तर पान फाडून पुन्हा लिहा. "तुला वाईट वाटलं असेल तर" असं लिहिलंत तर चूक तिच्या वाटण्यावर ढकलली जाते. साधारण असं :

"ताई, 2013 मध्ये तुझी सही घेतली तेव्हा तो हक्कसोडाचा कागद आहे हे मला माहीत होतं. सोसायटीसाठी लागतो असं मी खोटं सांगितलं. आई गेल्यावर तू विचारलंस तेव्हा तोच कागद तुझ्यापुढे धरला. घरात तुझा वाटा होता, तो मी घेतला. तो परत करणार आहे. फ्लॅटला नाव लावायचं की पैसे, ते तू सांग. तू माफ करावंस म्हणून हे करत नाही. तुला भेटावंसं वाटलं तर मी येईन, नाही वाटलं तर येणार नाही."

हे लिहून झाल्यावर दोन दिवस ठेवा, मग टाका. ईस्टरच्या आत उत्तर आलं पाहिजे असा हट्ट नको. ईस्टर एका रविवारी संपत नाही. पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत) 50 दिवस चर्च तो साजरा करतं. त्या 50 दिवसांत आकडा काढा, वकील गाठा, पत्नीशी बोला. ईस्टरच्या मिस्साबलिदानात बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा घेताना 'पापाचा त्याग करता का' असं विचारतील. 'हो' म्हणाल तेव्हा तुमच्यापुरता त्याचा अर्थ फ्लॅटचा वाटा परत करणं असा असेल. खरी कबुली आणि निश्चय झाला असेल तर कम्युनियन निःशंक मनाने घ्या.

हे पत्र वाचणाऱ्यांत ताईच्या जागी असलेलेही असतील. तुमच्यासाठी थोडंसं. क्षमा म्हणजे सूड मनातून सोडणं. त्यासाठी समोरच्याने पत्र लिहायची वाट पाहावी लागत नाही. पण पूर्वीसारखं येणं-जाणं, कागदावर विश्वास ठेवणं, घरात घेणं हे वेगळं, आणि त्यासाठी समोरचा बदललेला दिसायला हवा. हक्काचा वाटा मागणं क्षमेच्या आड येत नाही. आणि घरात मारहाण होत असेल तर 'क्रूस वाहा, माफ कर' म्हणून परत पाठवणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा पाळक असो. आधी सुरक्षित जागा, 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, मग बाकीचं.

बंधू, तुम्ही लिहिलंत की रात्री झोप लागत नाही, आपण यहूदासारखे आहोत असं वाटतं. येशूला 30 नाण्यांसाठी धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, त्याने ती नाणी परतही नेली, 'मी पाप केलं' असं म्हणालासुद्धा. ज्यांच्याकडे गेला त्यांनी 'आम्हाला त्याचं काय?' म्हणून दार लावलं आणि तो एकटा पडला. पेत्राचा अपराध लहान नव्हता, पण तो बाकीच्या शिष्यांत राहिला, मासे धरायला गेला आणि किनाऱ्यावर येशू दिसताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे निघाला. तुम्हीही एकटे राहू नका. फादर, पत्नी, एखादा जुना मित्र, कुणाला तरी सगळं ठाऊक असू द्या. झोप महिनाभर उडालेली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा.

ताईचं उत्तर आलंच नाही, किंवा 'मला नकोत तुझे पैसे' असं आलं, तर तिला पुन्हा पुन्हा गळ घालू नका. तिच्या हिश्श्याची रक्कम जमेल तशी वेगळ्या मुदत ठेवीत टाकत जा, ती कुठे आहे आणि कधीही मागता येईल हे एका ओळीत तिला कळवा, मृत्युपत्रात तिच्या नावे लिहून ठेवा. तुमच्या मुलाच्या लग्नाला पैसे कमी पडले तरी त्या ठेवीला हात लावायचा नाही.